चित्राखालची फट

वेबसाइटच्या एका पानाच्या माथ्यावरचे चित्र मी सहा तुकड्यांत कापले होते. त्या काळी कामाची रीतच तशी होती. संपूर्ण पान आधी प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून रंगवायचे, त्यावर आडव्या-उभ्या रेषा मारून त्याचे तुकडे पाडायचे आणि मग व्हिज्युअल एडिटरमध्ये, म्हणजे कोड न लिहिता पान पाहत पाहत बांधण्याच्या साधनात, एक टेबल घेऊन त्याच्या एकेका घरात एकेक तुकडा असा बसवायचा, की सांधा कुठे आहे हे सांगूनही कोणाला ओळखू येऊ नये. एडिटरमध्ये माझे सांधे खरोखरच दिसत नव्हते. तेच पान ब्राउझरमध्ये उघडले, की मात्र वरचे तीन तुकडे आणि खालचे तीन तुकडे यांच्यामध्ये चार-पाच पिक्सेलची पांढरी फट पडे आणि चित्रातली डोंगररांग कमरेत चिरल्यासारखी दिसे.

तीन संध्याकाळी मी त्या फटीपायी घालवल्या. टेबलाची किनार शून्य केली, दोन घरांमधले अंतर शून्य केले, घराच्या आतली मोकळी जागा शून्य केली, ओळीची उंची चित्राच्या उंचीइतकी टाइप करून पाहिली. एडिटरच्या तळाशी असलेल्या पट्टीतल्या सगळ्या रकान्यांत शून्ये दिसत होती आणि वरचे पान निर्दोष होते. ज्या बटणाला हात लावायचा नाही असे मी स्वतःशी ठरवून टाकले होते, ते ‘कोड’ नावाचे बटण चौथ्या दिवशी नाइलाजाने दाबले. समोर आलेल्या मजकुरातले निम्मेही तेव्हा मला कळले नाही, पण त्यातल्या एकेका ओळीचा अर्थ शोधत गेल्यावर शेवटी कारण हाती लागले आणि मी थक्क झाले.

ब्राउझरच्या लेखी चित्र हे एक अक्षर असते. वेगळे काही सांगितले नसेल, तर ते ओळीतल्या इतर अक्षरांसारखेच ओळीत उभे राहते. त्याचा तळ अक्षरांच्या तळरेषेवर टेकतो आणि त्या तळरेषेच्या खाली ब्राउझर थोडी जागा राखून ठेवतो. ही जागा असते अक्षरांच्या खाली उतरणाऱ्या भागांसाठी. रोमन लिपीतल्या काही अक्षरांच्या शेपट्यांसाठी, आपल्या लिपीतल्या उकारांसाठी. माझ्या टेबलाच्या घरांत एकही अक्षर नव्हते, तरी एखादे आलेच तर त्याची अडचण होऊ नये म्हणून ब्राउझरने ती जागा धरून ठेवली होती. जुन्या, सैल नियमांनी पान दाखवताना ब्राउझर ही जागा सोडून देत असत. मी काही दिवसांपूर्वी पानाच्या अगदी पहिल्या ओळीतली डॉकटाइपची, म्हणजे पान कोणत्या नियमांनी दाखवायचे हे सांगणारी, घोषणा बदलून काटेकोर नियमांची केली होती आणि त्या एका ओळीने ब्राउझरचे वागणे पालटले होते. एडिटरला या पालटाचा पत्ताच नव्हता, तो आपला जुन्याच हिशोबाने चित्रे जोडून दाखवत होता. चित्राला अक्षर न मानता स्वतंत्र ठोकळा मानावे, असे सीएसएसच्या, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या भाषेच्या, एका ओळीत सांगितल्याबरोबर फट मिटली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. तेव्हापासून मी वेगवेगळ्या व्हिज्युअल साधनांत शेकडो पाने बांधली आहेत आणि आजही बांधते. पण ‘वेबसाइट दृश्य पद्धतीने बनवणे’ म्हटले, की मला आधी ती फट आठवते. तोवर मी ज्याला पान समजत होते, ते पानाचे एका पडद्यावरचे, एका क्षणाचे चित्र होते. खरे पान म्हणजे ब्राउझरला दिलेल्या सूचनांचा एक संच असतो आणि त्या सूचनांवरून दर वाचकाच्या समोर पान नव्याने जुळवले जाते. माझ्या समोरचे पान हे त्या असंख्य जुळण्यांपैकी फक्त एक होते.

‘जे दिसते तेच मिळते’ ही कल्पना कागदाच्या सहवासात जन्मली, हे लक्षात घेतले की पुढची बरीच गुंतागुंत उलगडते. १९७४ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑल्टो संगणकासाठी ब्राव्हो नावाचे लेखन-सॉफ्टवेअर तयार केले. पडद्यावर दिसणारा मजकूर जसाच्या तसा छापून निघावा, हे त्यामागचे सूत्र होते. ते वचन पाळता येण्याजोगे होते, कारण कागदाची लांबी-रुंदी छापण्याआधीच ठरलेली असते आणि एकदा छापलेला कागद कोणाच्याही हातात गेला तरी तसाच राहतो. वेबच्या पानामागे असा कागदच नाही. वाचकाची खिडकी किती रुंद आहे, त्याने अक्षरे मोठी करून ठेवली आहेत का, मी निवडलेला फॉन्ट त्याच्याकडे उतरला की नाही, तो पान डोळ्यांनी वाचतो आहे की कानांनी, यातले काहीही पान बांधणाऱ्याच्या हाती नसते. कागदासाठी दिलेले वचन या माध्यमात आणले, की ते कुठे ना कुठे मोडणारच होते.

तरीही वेबच्या पहिल्या ब्राउझरमध्येच एडिटर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या युरोपीय संशोधन केंद्रात नेक्स्ट संगणकावर ‘वर्ल्डवाइडवेब’ या नावाचा जो प्रोग्रॅम लिहिला, त्यात पान वाचता येत होते आणि त्याच खिडकीत कर्सर ठेवून लिहिताही येत होते. शब्द निवडायचा आणि त्याला दुवा जोडायचा. त्यासाठी कोणालाही टॅग, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा, टाइप करावे लागत नव्हते. पण तो प्रोग्रॅम फक्त नेक्स्टवर चालत असे. पुढे जे ब्राउझर जगभर पसरले, विशेषतः १९९३ मधला मोझाइक, ते मुख्यतः पाने दाखवण्यासाठी होते. वाचणे सर्वांना सोपे झाले आणि लिहिणे मात्र टॅग येणाऱ्यांच्या हाती राहिले. आमच्या क्षेत्रात व्हिज्युअल एडिटरला पुष्कळदा कोड न येणाऱ्यांसाठी मागाहून केलेली सोय मानतात, त्याकडे थोडे खालच्या नजरेनेही पाहतात. पाहून लिहिण्याची ही वाट वेबच्या जन्मापासून होती आणि मध्येच बुजली होती, हे ठाऊक झाल्यापासून मला ती नजर पटत नाही.

एक फरक मात्र तेव्हापासूनचा आहे आणि तो मला समजायला फार उशीर लागला. त्या पहिल्या एडिटरमध्ये लिहिणारा माणूस मजकुराला नावे देत असे: हा मथळा, ही यादी, हा परिच्छेद. मथळा कोणत्या अक्षरात, किती मोठा दिसावा, हे ज्याच्या त्याच्या ब्राउझरमधल्या शैलीवर सोपवलेले होते. होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली, तिच्यातही पान लिहिणाऱ्याची पसंती आणि वाचणाऱ्याची पसंती यांची सांगड घालण्याचा विचार होता. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाली, पण ब्राउझरांना ती नीट पाळायला पुढे कित्येक वर्षे लागली. पान सजवू पाहणाऱ्यांना तेवढा धीर नव्हता आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना दोन स्तंभ शेजारी शेजारी हवे होते आणि ते देऊ शकणारी एकच गोष्ट ब्राउझरांमध्ये होती: आकडेवारी मांडण्यासाठी आलेले टेबल. मग टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल आणि जागा अडवण्यासाठी एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र, अशी एक संपूर्ण सुतारकी उभी राहिली.

बाजारातली व्हिज्युअल साधने नेमकी याच काळात आली. फ्रंटपेज १९९५ मध्ये व्हर्मीर नावाच्या छोट्या कंपनीने आणले आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. अडोबीचे पेजमिल आले. डिसेंबर १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर आले. माउसने एखादी गोष्ट ओढून हव्या त्या जागी सोडली, की पडद्यामागे तिच्यासाठी टेबलाची घरे आखली जात. दिसण्याची सोय झाली, नावे देण्याची सवय मात्र कोणाला लागलीच नाही.

मला ती सवय ज्या गोष्टीने लावली, तिचे ऋण मी मानते. फटीच्या प्रकरणानंतर मी एडिटरची खिडकी कायम दुभागून ठेवू लागले. वर कोड, खाली पान. खालच्या भागात चित्राचा कोपरा धरून ते मोठे केले, की वरच्या भागात एक आकडा माझ्या डोळ्यांदेखत बदलत जाई. एखाद्या शब्दावर दोनदा क्लिक केले, की वर तोच शब्द उजळून निघे आणि तो कशाच्या आत आहे, ते कशाच्या आत आहे, हे उलगडत जाई. कोणत्याही शिकवणीत मला इतके नीट कळले नसते. एके दिवशी मी एकाच पानावर दोन मथळे दोन पद्धतींनी केले. पहिल्या वेळी शब्द निवडून अक्षरे मोठी, ठळक आणि विटकरी केली. दुसऱ्या वेळी शब्द निवडून यादीतून ‘मथळा २’ घेतला आणि त्या मथळ्यालाच विटकरी रंग दिला. खाली दोन्ही इतके एकसारखे, की त्यांची अदलाबदल केली असती तर मला कळले नसते. वर पाहिले तर पहिल्याभोवती रंगाचे आणि आकाराचे तीन टॅग होते आणि तो मथळा आहे हे कुठेच लिहिलेले नव्हते. दुसऱ्याभोवती एकच टॅग होता आणि त्याचे नावच मथळा होते. मला गंमत वाटली. यामुळे कोणाचे काही अडत असेल, असे मात्र तेव्हा मनात आले नाही.

ते मनात आणून दिले एका निवृत्त शिक्षकांनी. एका स्वयंसेवी गटाची वेबसाइट मी हौसेने बांधून दिली होती आणि हे गृहस्थ त्या गटाचे जुने सभासद होते. त्यांना दिसत नसे. संगणकावर ते स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने वाचत. साइटवर काही सापडत नाही असा त्यांचा निरोप आला म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्यांनी पान उघडले आणि ‘एच’ हे अक्षर दाबले. स्क्रीन रीडरमध्ये या अक्षराने पुढच्या मथळ्यावर उडी मारता येते. डोळस माणूस पान वरून खाली चाळतो, तसे ते चाळणे असते. यंत्र म्हणाले, पुढे मथळा नाही. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तेच. “तुमच्या पानावर एकही मथळा नाही का हो?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “आहेत की सर, चांगले आठ आहेत.” माझ्या समोर ते आठही मथळे ठळक, विटकरी अक्षरांत झळकत होते. ते काही बोलले नाहीत. खालच्या बाणाची कळ दाबत ते एकेक ओळ ऐकू लागले. आधी माथ्यावरच्या चित्राच्या तुकड्यांची फाइल-नावे एकामागून एक वाचली गेली, अंकांसकट, अंडरस्कोरसकट, कारण त्या चित्रांना मी पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे हे सांगणारे शब्द, दिलाच नव्हता. त्यानंतर उजवीकडच्या स्तंभातल्या सूचना आल्या, कारण तो स्तंभ मी आधी बांधून मग ओढून उजवीकडे नेला होता आणि कोडमध्ये तो आधीच राहिला होता. मुख्य लेखाचा पहिला शब्द कानावर पडेपर्यंत त्यांनी बाणाची कळ किती वेळा दाबली, हे मी मोजले नाही. पण त्या प्रत्येक वेळी माझी नजर पडद्यावरून खाली जात होती. मध्ये एकदा त्यांची ओळ चुकली, तेव्हा ते सहज म्हणाले, “थांबा, पुन्हा वरून येतो.” तो सगळा प्रवास त्यांनी पुन्हा वरून केला. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, इतकी त्यांना त्याची सवय होती.

वेबची पाने सर्वांना वापरता यावीत यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून लिहिलेली आहेत आणि त्यांची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर असावा, रचना केवळ दिसण्यातून नव्हे तर कोडमधूनही कळावी, साध्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ इतका फरक असावा, हे सगळे त्यांत आहे. मी ती तत्त्वे वाचली नव्हती आणि माझ्या एडिटरने त्याबद्दल मला कधी विचारले नव्हते. एडिटरने चित्र घेताना पर्यायी मजकुराचा रकाना समोर आणून थांबावे, अक्षरे नुसती मोठी केली तर हा मथळा आहे का असे विचारावे, एवढी अपेक्षा मी आज कोणत्याही साधनाकडून करते. दिसणे हा ज्या साधनाचा पाया आहे, त्याने न दिसणाऱ्या गोष्टींची आठवण अधिक काळजीने करून द्यायला हवी, कारण त्याच्या वापरकर्त्याला त्या दुसरीकडून कळण्याचा संभव कमी असतो.

मी ती साइट दोन रात्रींत उलगडून पुन्हा बांधली. दिसायला ती होती तशीच राहिली. गटातल्या इतर कोणाच्या लक्षातही आले नाही.

मग फोन आले. २००७ मध्ये आयफोन आला आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत माझ्या ९६० पिक्सेल रुंदीच्या पानांची अक्षरे लोकांच्या तळहातावर मुंगीएवढी दिसू लागली. ज्या रुंदीत सगळे सांधे जुळवले होते, ती रुंदीच राहिली नाही. ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये एका लेखात प्रवाही जाळी, लवचीक चित्रे आणि खिडकीच्या रुंदीप्रमाणे बदलणारे नियम यांची एकत्र मांडणी केली आणि तिला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन हे नाव दिले. खिडकी अरुंद झाली की शेजारचा स्तंभ खाली यावा, चित्राने आपल्या चौकटीबाहेर जाऊ नये. ऐकायला साध्या गोष्टी, पण त्यांनी व्हिज्युअल साधनांचा पायाच हलवला. आता एकच पान दाखवून भागणार नव्हते. पान कसे वागते, हे दाखवावे लागणार होते.

इथून पुढे साधनांच्या दोन जाती झाल्या, असे मला अनुभवाने वाटते. पहिल्या जातीत तुम्ही प्रत्येक गोष्ट कुठेही सोडता आणि ती त्या बिंदूला खिळवली जाते. वरून इतके पिक्सेल, डावीकडून इतके. मोठ्या पडद्यासाठी एकदा मांडायचे आणि फोनसाठी पुन्हा एकदा मांडायचे. पहिल्या तासात ही साधने फार सुखाची वाटतात. नंतर एखाद्या मथळ्यात दोन शब्द वाढतात, तो एका ओळीवरून दोन ओळींवर जातो आणि खिळवलेल्या चित्रावर चढून बसतो, कारण त्या दोघांमध्ये नाते असे काही सांगितलेलेच नसते. आपल्या लिपीत तर हे आणखी लवकर घडते. रोमन अक्षरांच्या मापाने उंची बांधलेल्या चौकटीत मराठी मथळा घातला, की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात; मी अशा कापलेल्या वेलांट्या इतक्या पाहिल्या आहेत, की कोणतेही टेम्पलेट उघडले तरी माझा हात आधी चौकटीची ठरावीक उंची काढून टाकण्याकडे जातो.

दुसऱ्या जातीची साधने सुरुवातीला त्रास देतात. तिथे एखादी गोष्ट तुम्ही वाटेल तिथे सोडू शकत नाही. ती कशाच्या तरी आत, कशाच्या तरी आधी किंवा नंतर जाते. बाजूच्या पट्टीत एकात एक अशा चौकटी काढलेल्या असतात: आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग म्हणजे आतली मोकळी जागा, त्याभोवती किनार आणि सर्वांत बाहेर मार्जिन. मार्जिनला आपल्याकडे वहीच्या काळापासून समास हा शब्द आहे. वहीत तो एकट्या पानाला असतो. वेबवर तो प्रत्येक परिच्छेदाला, प्रत्येक चित्राला, प्रत्येक बटणाला असतो आणि शेजाऱ्यांच्या समासांशी त्याला जमवून घ्यावे लागते. साध्या मजकुरात एका परिच्छेदाचा खालचा समास ३० पिक्सेल आणि पुढच्याचा वरचा समास २० पिक्सेल असेल, तर दोघांमधले अंतर ५० होत नाही, ३० होते. मोठा समास धाकट्याला आपल्यात सामावून घेतो. तेच दोन परिच्छेद फ्लेक्सबॉक्स किंवा ग्रिड या सीएसएसच्या नव्या मांडण्यांत ठेवले, की सामावणे थांबते आणि अंतर ५० होते. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस पट्टीतले आकडे बदलत रात्रीचा दिवस करतो. ज्या साधनात ही नाती उघड दाखवलेली असतात, तिथे निदान कुठे पाहायचे हे त्याला कळते.

माझा कौल कोणाला, हे वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये आलेल्या वेबफ्लो या साधनाने सीएसएसचीच नावे पट्टीत आणून ठेवली. वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरने डिसेंबर २०१८ मध्ये जुनी लेखनाची चौकट बदलून ठोकळ्यांचा एडिटर आणला, तेव्हा त्यावर बरीच नाराजी झाली. मला मात्र त्यात परिच्छेद हा परिच्छेद म्हणून आणि मथळा हा मथळा म्हणूनच घ्यावा लागतो, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली. सीएसएस ग्रिड मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत एकापाठोपाठ उतरले आणि ज्या दोन स्तंभांसाठी आम्ही टेबलांची सुतारकी केली होती, ते दोन ओळींत मिळू लागले. मात्र ग्रिडमध्ये दिसण्याचा क्रम आणि कोडमधला क्रम वेगळे ठेवता येतात. त्यामुळे उजवीकडे ओढून नेलेल्या त्या स्तंभाची चूक आजही तितक्याच सहजपणे करता येते. ते शिक्षक मला अशा वेळी हमखास आठवतात.

एक दुखणे सांगायलाच हवे. एका साधनात मी जवळजवळ चार वर्षे एक मोठी साइट वाढवली होती आणि ते साधन बंद होत असल्याची सूचना आली. त्यात साइट बाहेर काढण्याचे बटण होते. ते दाबून जे हाती आले, त्यात प्रत्येक परिच्छेदाभोवती डिव्ह या काहीच अर्थ न सांगणाऱ्या टॅगची आठ-नऊ निनावी वेष्टने होती, मथळ्यांचे टॅग उडाले होते आणि चित्रांचे पत्ते त्या बंद होणाऱ्या सर्व्हरकडेच बोट दाखवत होते. शेवटी दीडशेच्या वर पानांचा मजकूर हाताने उचलून घ्यावा लागला. त्यानंतर कोणतेही नवे साधन हाती घेताना मी आधी एक चाचणीचे पान बांधते, ते लगेच बाहेर काढते आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहते. मथळे मथळ्यांसारखे बाहेर आले, तर पुढे जाते.

कामाचा क्रमही आता उलटा झाला आहे. पूर्वी मी आधी पानाचे चित्र रंगवत असे आणि मजकुराच्या जागी लॅटिनसारखे निरर्थक शब्द भरून ठेवत असे. ते शब्द नेहमी हव्या तितक्याच ओळी भरत. आता खरा मजकूर हातात आल्याशिवाय मी साधन उघडतच नाही. तो सगळा, कोणतीही सजावट न करता, एकाखाली एक असा पानावर घालते, प्रत्येक तुकड्याला त्याचे नाव देते, चित्रांचे पर्यायी मजकूर लिहिते आणि ते ओकेबोके पान वरून खाली मोठ्याने वाचून पाहते. त्या अवस्थेत ते समजले, तरच रंगांना आणि स्तंभांना हात लावते. पान बांधून झाले, की ब्राउझरची खिडकी पूर्ण रुंदीपासून अगदी अरुंद होईपर्यंत सावकाश ओढत नेते. ठरलेल्या तीन-चार रुंदींवर पान चांगले दिसावे याची काळजी प्रत्येक साधन घेते. घोटाळे मधल्या रुंदींवर दडलेले असतात, जिथे मेन्यूचा शेवटचा शब्द एकटाच खालच्या ओळीवर पडतो किंवा बटणातली अक्षरे बटणाबाहेर डोकावतात. मग अक्षरे दुप्पट मोठी करून पुन्हा तेच. सर्वांत शेवटी स्क्रीन रीडर सुरू करते, पडद्यावरून नजर काढते आणि ‘एच’ दाबते.

आठवड्यातून एकदा काही नवी मुले-मुली माझ्याकडे हे काम शिकायला बसतात. हल्लीची बरीच साधने चित्राला आपणहून ठोकळा करून टाकतात, त्यामुळे त्यांच्यापैकी कोणी ती फट कधी पाहिलेली नसते. मी साधे पान घेते, एका चौकटीत चित्र ठेवते, चौकटीला पिवळा रंग देते आणि चित्राखालची ती पिवळी पट्टी दाखवून विचारते, की ही जागा कशासाठी ठेवली असेल. बहुतेक जण पट्टीतले आकडे शून्य करत सुटतात आणि मी त्यांना करू देते. गेल्या खेपेला एक मुलगी बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने चित्राच्या शेजारी कर्सर नेला आणि ‘कृपया’ हा शब्द टाइप केला. शब्द चित्राच्या तळाला तळ लावून उभा राहिला आणि त्यातला ऋकार बरोबर त्या पिवळ्या पट्टीत उतरला.